ओपीडीचं बाकडं

नीटचा निकाल लागला की माझ्या फोनला मोसम येतो. आधी लोक एमबीबीएसचं बघतात, मग बीडीएस, मग आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी. यादी संपत आली की तळाशी बीएएसएलपी अशी अक्षरं दिसतात, आणि मग कुणाच्या तरी पाहुण्याकडून माझा नंबर मिळवला जातो. पहिला प्रश्न, "मॅडम, हे असतं तरी काय?" दुसरा, "नावाच्या पुढं डॉक्टर लागतं का?" आणि तिसरा, "कॉलेज कुठलं घ्यावं?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बॅचलर ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी. कान आणि वाचा. तीन वर्षं शिकायचं आणि चौथं वर्ष इंटर्नशिप. दुसऱ्याचं त्याहून सोपं: लागत नाही, लावायचं असेल तर पुढं पीएचडी करा. इथं बरेच फोन संपतात. संपले तर संपू देत. नावापुढच्या दोन अक्षरांसाठी जो येणार, त्याला चार वर्षं बोबड्या पोरांसमोर मांडी घालून बसणं झेपायचं नाही.

जे तिसऱ्या प्रश्नापर्यंत टिकतात त्यांना मी सांगते, "जे कॉलेज मनात आहे तिथल्या ओपीडीच्या बाकड्यावर एक दिवस सकाळी नऊ ते एक बसून या. मग बोलू." बहुतेकांना वाटतं मॅडम टाळतायत. त्यांना फीचा आकडा हवा असतो, ‘प्लेसमेंट’ हवी असते, ‘स्कोप’ हा तर मराठी पालकांचा लाडका शब्द. पण माझं स्वतःचं कॉलेज असंच ठरलं, तेही ठरवून नाही.

२००३ साल. वडील वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. माझं मेडिकल थोडक्यात हुकलं होतं आणि घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. वडिलांनी कालनिर्णयच्या जुन्या पानामागं रकाने पाडले होते. एकीकडे म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग, १९६५ सालची, केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याची. दुसरीकडे मुंबई. तिथं वांद्रे रेक्लमेशनला १९८३ मध्ये सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था होती, साठच्या दशकापासून हा विषय शिकवणारं महापालिकेचं नायर होतं, आणखीही एक-दोन नावं होती. फी, वसतिगृह, अंतर, एसटीचं भाडं असे रकाने. ‘अंतर’ या रकान्यात म्हैसूर हरत होतं आणि ‘नाव’ या रकान्यात जिंकत होतं.

मुंबईतल्या एका कॉलेजात कागद द्यायला आम्ही गेलो. कारकून म्हणाले, दोन वाजता या. बाहेर पाऊस. पंखा असलेली एकच जागा दिसली, ती ओपीडीसमोरचं लाकडी बाकडं. तिथं बसलो.

समोरच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत माझ्यापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठी असेल अशी एक मुलगी सतरंजीवर बसली होती. समोर चार-पाच वर्षांचा मुलगा, कानाला मशीन. तिनं त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि ओठ मिटून ‘म्’ म्हणाली. मग त्याचाच हात त्याच्या गळ्यावर ठेवला. काही नाही. पुन्हा आपल्या गळ्यावर, पुन्हा त्याच्या. हे किती वेळ चाललं सांगता येणार नाही. मग त्या पोराच्या गळ्यात काहीतरी गुरगुरलं असावं, कारण त्यानं दचकून हात काढला, हाताकडे बघितलं आणि पुन्हा ठेवला. कोपऱ्यात बसलेल्या आईनं पदर तोंडाला लावला. त्या मुलीनं काही टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत, वहीत एक खूण केली आणि ती पुन्हा ‘म्’ म्हणाली.

वडील बराच वेळ बघत होते. मला म्हणाले, "ही पोरगी शिकतीय का शिकवतीय गं?"

मग त्यांनी मास्तरकीच्या सवयीनं बाकड्यावर येणारी-जाणारी माणसं मोजायला सुरुवात केली. दोन वाजायच्या आत त्यांचा आकडा चौतीसवर गेला. "चौतीस पटावर," ते म्हणाले, "आणि एकही घरी पाठवला नाही." कालनिर्णयचं पान त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं, ते पुन्हा काढलं नाही.

त्या चौतिसांची किंमत मला पुढं कळली. आमच्या विषयात पुस्तक वाचून जे येतं ते थोडं असतं आणि ते सगळीकडे सारखंच असतं. ऑडिओमेट्री घ्या. २५० हर्ट्‌झपासून ८००० हर्ट्‌झपर्यंत एकेक सूर वाजवायचा, ऐकू आला की पेशंटनं बोट वर करायचं, अगदी बारीक आवाज कुठवर ऐकू येतो ते आलेखावर मांडायचं. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. हे शिकवायला एक तास पुरतो. पण माझ्या पहिल्या पेशंट आजी हेडफोन लावल्या लावल्या सारखं बोट वर करायला लागल्या. मी बटण दाबलेलंही नव्हतं. मी पुन्हा समजावलं, पुन्हा तेच. त्यांच्या आलेखावरून त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट निघाले असते, आणि सून तर सांगत होती की दारावरची कडी ऐकू येत नाही. सुपरवायझर मॅडम मागून आल्या, आजींच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आजी, ही परीक्षा नाही. नाही आलं तर बोट खालीच ठेवायचं. मला राग येत नाही." आजींचा चेहरा मोकळा झाला. त्या इतका वेळ डॉक्टरीणबाईंचा मान ठेवत होत्या.

हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही असं नाही. खोट्या प्रतिसादावर अख्खी प्रकरणं आहेत. पण मान ठेवण्यासाठी बोट वर करणारी आजी प्रकरणात भेटत नाही. ती बाकड्यावर भेटते, आणि बाकड्यावर रोज पाच-सहाच माणसं असतील आणि वर्गात पोरं वीस असतील, तर तुमच्या वाट्याला ती येणारच नाही. तोंड फाटलेली, म्हणजे टाळू दुभंगलेली बाळं, अडखळत बोलणारा कॉलेजचा मुलगा, लकवा मारलेले आजोबा, घशाच्या कॅन्सरमुळं स्वरयंत्र काढलेला आणि आता ढेकरेच्या हवेवर बोलायला शिकणारा गिरणीकामगार, हे सगळं चार वर्षांत एकदा तरी हाताखालून गेलं पाहिजे. नुसतं खिडकीतून बघून चालत नाही.

आता भाषेचं. यावर माझ्याच क्षेत्रातली माणसं माझ्याशी भांडतात, पण मी मत बदललेलं नाही.

आमच्या वर्गात एक हिंदी भाषक मुलगी होती. हुशार, दरवर्षी पहिली. तिच्याकडे एक मराठी मुलगा थेरपीला आला, बोबडा. तिनं त्याचे उच्चार तपासले आणि चुकांच्या यादीत लिहिलं, ‘च’च्या जागी ‘त्स’. पोरगा ‘चाक’ म्हणताना जीभ दाताला लावत होता. ती सहा बैठका त्याला ‘चाक’मधला च हा ‘चहा’मधल्या चसारखा म्हणायला लावत होती. पोरगा बिचारा शिकत होता. सातव्या बैठकीला आईऐवजी आजी आली. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्या पोराला बिघडवताय. आमच्यात असं कुणी बोलत न्हाई."

आजी बरोबर होती. मराठीत च दोन आहेत, लिहायला एक. ‘चार चाकं’ असं म्हणून बघा. पहिला च एका जागी, दुसरा दुसऱ्या. हे आपण शाळेत शिकत नाही, त्यामुळं आपल्यालाही माहीत नसतं की आपल्याला माहीत आहे. माझी मैत्रीण यात दोषी नव्हती. तिच्या कानाला तो फरक लहानपणी कुणी दिलाच नव्हता. तिला जर हिंदी पेशंट मिळाले असते तर तिनं आम्हाला मागं टाकलं असतं.

तसंच ळचं. मुलांना ळ उशिरा येतो, र यायलाही वेळ लागतो. ‘मी केळं खाल्लं’च्या जागी ‘मी केलं खाल्लं’ असं ऐकू आलं की घरात हसतात. थेरपीत मी त्याचीच शिडी करते. वेळ आणि वेल, काळा आणि काला. दोन चित्रं ठेवायची, मूल जे म्हणेल ते चित्र उचलायचं. ‘वेळ’ म्हणायचं होतं आणि ‘वेल’ म्हटलं की चुकीचं चित्र हातात येतं, आणि मूल स्वतःच चिडून जीभ मागं वळवायला बघतं. ही चित्रं छापील संचात मिळत नाहीत. छापील संच इंग्रजीत असतात, त्यात रॅबिट आणि रिंग असते. मी माझी चित्रं काढून घेतली, अजून तीच वापरते, त्यातल्या केळ्याचा रंग उडालाय.

आणि हे फक्त मुलांपुरतं नाही. सातारला परत येऊन प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझ्याकडे आले. पक्षाघातानंतर वाचा गेलेली, जे विचाराल त्याला ‘हां हां’ एवढंच. वस्तूंची नावं काढायचा प्रयत्न करताना घाम फुटायचा. अशा पेशंटला पाठ असलेल्या ओळीनं बोलायला लावायचं असतं: आकडे, वार, महिने, आरती. आकडे पाचापुढं गेले नाहीत. वार अडले. मग सहज म्हणून मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "मामा, सातारा सोडलं. पुढं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नागठाणे," म्हणाले. मी गप्प. "उंब्रज." थांबले. "कऱ्हाड." आणि मग हातानं दोरी ओढल्यासारखं केलं, घंटीची. त्यांची बायको दारात उभी होती, तिनं चार महिन्यांत पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडून तीन वेगळे शब्द ऐकले. त्या थांब्यांवरून आम्ही पुढं माणसांच्या नावांवर आलो, नावांवरून वस्तूंवर. सगळं परत आलं नाही. पण बायकोकडे ‘चहा’ म्हणून मागता यायला लागलं, हे काही थोडं नव्हे.

नागठाण्याचा थांबा कुठल्या कॉलेजात शिकवतात? कुठल्याच नाही. पण ज्या कॉलेजात पेशंट तुमच्या भाषेतले, तुमच्या रस्त्यावरचे असतात, तिथं तुम्हाला अशा गोष्टी विचारायची सवय लागते.

म्हणून महाराष्ट्रात काम करायचं असेल तर महाराष्ट्रात शिका, असं माझं सरसकट म्हणणं असायचं. ‘असायचं’ का म्हटलं, ते पुढं येईलच.

बाकड्याच्या सल्ल्याला मी आणखी एक जोड देते, ती एका इंटर्नमुळं. काही वर्षांपूर्वी एका खाजगी कॉलेजची मुलगी माझ्याकडे काही आठवडे कामाला आली. कॉलेजचं नाव सांगायचं कारण नाही. तसली कॉलेजं एकाहून जास्त आहेत. गुण उत्तम, बोलणं गोड. मी तिला एका काकांच्या कानाचा साचा घ्यायला सांगितला. मशीनला जो मोल्ड लागतो त्याचं माप. पद्धत अशी की आधी दुर्बिणीनं कानात बघायचं, मळ आहे का, पडदा धड आहे का. मग दोरा बांधलेला छोटा स्पंजचा बोळा कानात योग्य ठिकाणापर्यंत सरकवायचा, आणि मग पिचकारीनं मसाला भरायचा. बोळा हा पहारेकरी. तो नसला तर मसाला पडद्यापर्यंत जाऊन तिथंच घट्ट होतो आणि काढायला ऑपरेशन थिएटर गाठावं लागू शकतं.

तिनं मसाला मस्त मळला. पिचकारी भरली. काकांच्या कानाजवळ नेली. बोळा ट्रेमध्येच होता.

मी तिचं मनगट धरलं. काकांना वाटलं, हे असंच असतं. त्यांना बाहेर बसवून मी तिला विचारलं, आजवर किती साचे घेतलेस? ती रडायला लागली. एका रबरी कानावर घेतला होता, म्हणाली. प्रत्यक्ष माणसाच्या कानावर एकही नाही. लॉगबुकात मात्र पंचवीस लिहिले होते, खाली सही होती. "तिथं पेशंटच येत नाहीत मॅडम. आम्ही एकमेकींच्या केस हिस्ट्री घ्यायचो."

मला तिचा राग आला नाही. तिच्या बापानं तीन वर्षं भरलेली फी ऐकून मात्र अंगावर काटा आला. पुढं एकदा कामानिमित्त मी ते कॉलेज बघितलं. लिफ्ट होती, काचेचं दार होतं. ध्वनिरोधक खोलीत संमेलनाच्या खुर्च्या रचल्या होत्या आणि ऑडिओमीटरवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. त्या मुलीनं माझ्याकडे राहून मन लावून साचे घेतले, आज ती चांगलं काम करते. पण ते तिचं कर्तृत्व.

तेव्हापासून मी सांगते, बाकड्यावरून उठलात की तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुला-मुलीला गाठा आणि दोनच गोष्टी विचारा. काल किती पेशंट बघितलेस? आणि तुझ्या हातानं शेवटचा साचा कधी घेतलास? प्राचार्यांना विचारू नका. प्राचार्य हॉस्टेलच्या मेसबद्दल सांगतील.

कागदाचं एकच बघायचं, पण ते न चुकता. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आरसीआयची मान्यता. १९९२ च्या कायद्यानं ही परिषद आहे, आणि तिच्याकडे नोंदणी असल्याशिवाय हे काम करणं हा गुन्हा आहे. वर्षभरापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. (हजार रुपयांत कुणी घाबरत नाही, तो भाग वेगळा.) कॉलेजची मान्यता ठरावीक वर्षांपुरती असते, कायमची नसते. त्यामुळं भिंतीवरचं फ्रेममधलं पत्र वाचताना त्याची मुदतही वाचायची, आणि जमलं तर परिषदेच्या यादीत नाव आहे का तेही बघायचं. नाही तर चार वर्षांनी पदवी हातात आणि नोंदणी क्रमांक नाही, असं व्हायचं. बाकी परदेशाबद्दल विचारतात: अमेरिकेत ऑडिओलॉजीला डॉक्टरेट लागते आणि स्पीचला मास्टर्स, तेव्हा इथल्या पदवीवर विमानाचं तिकीट काढू नका एवढंच. आपल्याकडेही मास्टर्सला दोन वाटा फुटतात, कान वेगळा आणि वाचा वेगळी. अठराव्या वर्षी कुठली वाट हे ठरवायची काही घाई नसते.

गेल्या वर्षीच्या मोसमात कोरेगावकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन थेट क्लिनिकवरच आले. आल्याची शेती. मुलगी गप्प, वडील बोलके. मी नेहमीचं बाकड्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. "कुठल्या कुठल्या बाकड्यावर बसायचं ते लिहून द्या," म्हणाले. मी मुंबईतली दोन आणि पुण्यातलं एक लिहून दिलं. म्हैसूर लिहिलं नाही. पोरगी पहिल्यांदा बोलली, "मॅडम, म्हैसूरचा फॉर्म मी भरलाय." म्हैसूरचा अर्ज वेगळा असतो, राज्याच्या प्रवेशफेरीची वाट बघत बसलं की तो हातचा जातो. तिनं तो वेळेत शोधून भरला होता, तेव्हाच मला तिचं पाणी कळायला हवं होतं.

मी तिला माझं भाषेचं पुराण ऐकवलं. दोन च, एक ळ, कंडक्टरमामा, सगळं. संस्था उत्तमच आहे, ग्रंथालय, प्रयोगशाळा, संशोधन यात इथं तोड नाही, पण बाकड्यावर माणसं कन्नड बोलणारी, तुला हिस्ट्री तरी घेता येईल का? तिनं सगळं ऐकून घेतलं. वडील तिला मुंबई, पुणे सगळीकडे घेऊन गेले, चार तास बसले. आणि मग, एवढ्या लांब आलोच आहोत तर, म्हणून रात्रीची गाडी पकडून म्हैसूरलाही जाऊन बसले. फोनवर मला म्हणाले, "मॅडम, तिथली रांग बघून डोळं फिरलं. आमच्या गावच्या जत्रंला एवढी नसती."

मी काय बोलणार? सल्ला माझाच होता.

दिवाळीच्या सुमाराला तिचा आवाजी निरोप आला. मागं पोरांचा गलका. आधी ती कुणाला तरी म्हणत होती, "निन्न हेसरु एनु?" म्हणजे तुझं नाव काय. एक बारीक आवाज काहीतरी उत्तर देत होता. मग तोंड फोनजवळ आणून मराठीत, घाईघाईनं: "मॅडम, तुम्ही घाबरवलं होतं, पण कन्नडमध्ये ळ आहे! ‘सांग’ म्हणायचं तर ‘हेळु’ म्हणतात, दिवसातून शंभर वेळा म्हणावं लागतं. इथली बारकी पोरंपण ‘हेलु’ म्हणतात आधी. सेम आपल्यासारखं." थोडा वेळ थांबून, "चाकाचा च मात्र अजून मिळाला नाही."

मी ते तीनदा ऐकलं. मग रंग उडालेल्या केळ्याचा फोटो काढून तिला पाठवला.